सोजराच्या विहिरीवरचा हत्ती

"ह्याच्यावर कुणाचा इस्वास बसणार न्हाई. आन् ज्याचा बसंल त्यानं आधी डाक्टरला दाखवून घ्यावं."

बन्सीआप्पांचं हे पहिलं वाक्य ठरलेलं. रेल्वेतून रिटायर होऊन वीस वर्षं होत आली, निम्मे दात गेले, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, पण ह्या वाक्याला काही धक्का लागला नव्हता. ते कानावर पडलं की विहारासमोरच्या लिंबाखाली बसलेली माणसं आपोआप सरकून जवळ यायची. आज तर सकाळी नऊलाच तीस-चाळीस जण जमले होते. लिंबापासून दहा पावलांवर सोजराची विहीर, आणि विहिरीपासून वीस पावलांवर पिवळाधमक जेसीबी. जेसीबीचा ड्रायव्हर बिहारकडचा पोरगा. डोक्याला गमछा गुंडाळून तोही गोष्ट ऐकायला येऊन बसला होता. मराठी त्याला कळत नव्हतं, पण गोष्ट कळायला भाषा लागतेच असं नाही.

"एकुणसत्तर साल," आप्पा म्हणाले. "मी दौंडला पंपहाऊसवर नवा खलाशी. भीमेचं पाणी वर वढायचं आन् इंजिनांना पाजायचं, एवढंच काम. तर सोलापूरकडं मालगाडी नेणारं एक इंजिन हुतं. त्ये एक दिवस पाणीच पिईना. नळाखाली हुबं केलं, पाणी सोडलं, की हळूच चार फूट पुढं सरकायचं. ड्रायव्हर म्हनला, ब्रेक खराब हाय. मी म्हनलो, ब्रेक न्हाई, त्याला पाणी पसंत न्हाई. सोमवारी घरनं जाताना आईनं किटलीत ह्या विहिरीचं पाणी दिल्यालं. त्यातलं वंजळभर त्याच्या टाकीत वतलं. पुना जागचं हाललं न्हाई. तवापासनं पंधरा वर्सं, दर सोमवारी मी त्याची किटली येगळी न्यायचो. त्ये भंगारात निघालं तवा सायबानं बायलर उघडून बघितला. आत साखरंएवढा बी खडा न्हाई. सायेब म्हनला, बन्सी, ह्याला कुठलं पाणी पाजलं?"

"मंग? तुमी काय सांगितलं?"

"मी म्हनलो, पत्ता दिला तर तुमी विहीरच उचलून न्याल."

सगळे हसले. बिहारचा पोरगाही हसला. फक्त करुणा हसली नाही. करुणा आप्पांची सून, आणि पंचायतीत वस्तीची सदस्य. हातात कागदांची पिशवी घेऊन ती सकाळपासून रस्त्याकडे बघत उभी होती. जवळ येऊन ती खाली वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, आज येवढं नका करू. मॅडम येतील आता. इचारतील तेवढंच सांगा. सरळ."

"सरळच सांगतोय की."

"इंजिन पाणी पीत न्हवतं, ह्ये सरळ?"

"त्या इंजिनाला इचार."

करुणाच्या कपाळावरची आठी आप्पांना दिसली, आणि ती आठी कशासाठी आहे ते त्यांनाही ठाऊक होतं. आज विहीर राहायची का जायची, ते ठरणार होतं.

त्याचं असं झालं. वरच्या आळीतल्या पोपटरावांच्या पोरानं, विक्रमनं, नदीकाठचं अकरा एकर रान मोडून तिथं प्लॉट काढले होते. शिरूर-चौफुला रस्त्याला मोठा फलक लावला होता. फलकावरची नदी निळी होती आणि फलकावरची माणसं नाकाला रुमाल न लावता तिच्या काठी हसत उभी होती. आता त्या प्लॉटकडे तीस फुटी रस्ता जाणार, आणि सोजराची विहीर बरोबर त्या रस्त्याच्या मधोमध येत होती. पंधरा वर्षांत तिचं पाणी कुणी प्यायलं नव्हतं. वरून लोखंडी जाळी, आत हिरवं पाणी, पाण्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या. वस्ती पाच रुपयांचं नाणं टाकून मशिनचं पाणी भरत होती. बुजवायला हरकत काय, असं पंचायतीत अर्ध्या लोकांचं मत पडलं. करुणानं अर्ज केला, चार वेळा पुण्याला खेटे घातले, आणि भूजल खात्यातून एक मॅडम बघायला येतील तोवर मातीचा डंपर थांबवायचा, एवढं तिनं मिळवलं.

आप्पांना ह्या सगळ्या कागदात गम्य नव्हतं. त्यांना एकच माहीत होतं. गावच्या आडावर वस्तीला दोर टाकता येत नव्हता, म्हणून अठ्ठावन्न साली वस्तीनं आपली विहीर आपण पाडली. सात परस, म्हणजे सात पुरुष खोल. शेवटचा परस निव्वळ काळा पाषाण, रोज वीतभर सरकायचा. त्या वेळी बन्सी नऊ वर्षांचा होता आणि त्याची आई सोजरा पोटुशी असताना खालून दगडाच्या पाट्या वर देत होती. झरा फुटला तेव्हा खाली तीच होती. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती वर बघून हसली, आणि तिचं ते हसणं सात परस वरून बन्सीला दिसलं. हे मात्र आप्पांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यात घालायला काही सुचत नव्हतं.

मॅडम आल्या साडेनऊला. नाव राजश्री. तिशीच्या आतबाहेर, ओढणीनं तोंड गुंडाळलेलं, पायात कॅनव्हासचे बूट. ओढणी सोडून त्यांनी आधी विहिरीत वाकून बघितलं, मग दोरीला बांधलेला टेप खाली सोडला, मग बाटलीत पाणी भरून घेतलं. त्यांच्यासाठी पंचायतीतून खुर्च्या आणल्या होत्या. एका खुर्चीवर पोपटराव आधीच येऊन बसले होते, हातात काठी, डोक्याला पटका. मागं विक्रम उभा, बापाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

"मॅडम, आत पाणी आहे म्हणून फसू नका," विक्रम म्हणाला. माणूस वाईट नव्हता. बोलणं गोड होतं आणि घाई फार होती. "चांगलं असतं तर लोक प्यायले नसते का? उगाच एखादं लेकरू पडायचं आत."

"पाण्यामुळे मी फसत नाही," राजश्री म्हणाली. "हे पाणी हिचंच आहे की नदीचं, तेच मला कळत नाहीये. पूर्वी उन्हाळ्यात भीमा आटायची ना?"

"आटायची म्हंजी?" आप्पा मधेच बोलले. "वाळूत झोपायचो आमी."

"आता आटत नाही. अख्खं पुणं सकाळी अंघोळ करतं, कपडे धुतं, आणि ते सगळं मुळा-मुठेतून तुमच्या काठाला येऊन लागतं. त्या पाण्यानं काठच्या विहिरी बाराही महिने भरलेल्या दिसतात. म्हणून आज पाणी आहे याला अर्थ नाही. नदी कोरडी होती तेव्हा हिला स्वतःचा झरा होता का, ते मला हवंय."

"आन् आसला तर?" करुणानं विचारलं.

"तर ही बारमाही विहीर. मग रस्ता तिला वळसा घालून जाईल, वीस-पंचवीस फुटांचाच प्रश्न आहे. हिचा गाळ काढू, वस्तीच्या छपरांवरचं पावसाचं पाणी गाळून हिच्यात सोडू. तुमची बोअर कधी आटतात? फेब्रुवारीत?"

"जानेवारीत," चार-पाच जण एकदम म्हणाले.

"आणि झरा नसेल, तर बुजवायला माझी ना नाही."

राजश्रीनं फायलीतून एक छापील कागद काढला. बहात्तरच्या दुष्काळात विहीर चालू होती, असं दोन माणसांनी सांगायला हवं होतं. त्या वेळी कळत्या वयाची असलेली माणसं. एक वस्तीतला आणि एक वस्तीबाहेरचा, कारण वस्तीतल्याला आपली विहीर प्यारी असणारच.

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. बहात्तरला कळत्या वयाचे असलेले गावात आता उरले होते किती? हौसराव गेल्या पावसाळ्यात गेले. साळूबाई होत्या, पण त्यांना स्वतःचं नाव आठवत नव्हतं. वस्तीत एक बन्सीआप्पा आणि वस्तीबाहेर एक पोपटराव. बस.

आप्पांनी पोपटरावांकडे बघितलं. पोपटराव काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढत होते.

ह्या दोघांचं असं की, लहानपणी ते एकमेकांना अरे-तुरे करत. शाळेत नाही, गावात नाही, फक्त नदीत. उन्हाळ्यात भीमेचं पात्र म्हणजे कोसभर रुंद पांढरी वाळू. मधून एक बारीक धार, तीही वैशाखात गडप. मग वाळूत कोपरापर्यंत हात घालून झिरा करायचा. आधी गढूळ येतं, ते उपसून टाकायचं, मग गढूळ कमी होतं, आणि तिसऱ्या खेपेला खालून असं पाणी वर येतं की तळाची वाळू एकेक कण मोजून घ्यावी. पालथं पडून तोंड लावायचं. एकाच झिऱ्याला दोन तोंडं. वाळूत लावलेली टरबुजं रात्रभरात गार व्हायची. पहाटे फोडली तर दात शिवशिवायचे. तेव्हा वैशाखातसुद्धा पहाटे अंगावर घोंगडी ओढून घ्यावी लागे. आता ती वाळू कुठल्या कुठल्या इमारतींत जाऊन उभी राहिली होती. नदीत काळं पाणी आणि त्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा, इतका दाट की अनोळखी कुत्रं त्यावरून चालायला जातं आणि बुडतं. दोन्ही पोरं मोठी झाली तशी बन्सीनं "पोपटराव, तुमी" म्हणायला सुरुवात केली. पोपटरावांनी "बन्सी, तू" तसंच ठेवलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, निदान कुणी बोललं नाही.

"आप्पा, आधी तुमच्यापासून," राजश्री म्हणाली. "पाऊसमान बदललंय का, असा एक रकाना आहे."

"ह्याच्यावर बी तुमचा इस्वास बसणार न्हाई," आप्पा म्हणाले. करुणानं डोळे मिटून घेतले. "आदी ढग घाट चढून यायचा तो पुण्यात जरा दम खायचा. झाडी हुती, गारवा हुता. मंग सावकाश निघायचा. लोणी, यवत, केडगाव, असं हरेक गावाला पळीपळी वाढत आमच्यापतुर यायचा. आता पुण्यात त्याला पाय टेकाया गार जागा राह्यली न्हाई. सिमिटावर पाय ठिवला की चटका. मंग बोंबलत उडी मारतो त्यो थेट हितं. आन् उडीत सगळं भांडंच सांडतं. मागल्या साली महिन्याचा पाऊस एका दुपारी पडला. वढ्यानं जायचं म्हनला, तर वढाच न्हाई. वढ्यावर इक्रमशेठनी मुरूम टाकून ठोकळे बसवल्यात. पाणी बिचारं जुना पत्ता इचारत इचारत आमच्या चुलीपतुर आलं."

विक्रमनं घसा खाकरला. राजश्री मात्र हसली आणि तिनं बरंच काही लिहिलं. "तुम्हाला वाटतं तितकं हे खोटं नाहीये, आप्पा."

"आसं नका म्हनू," आप्पा म्हणाले. "मंग मला अजून वाढवावं लागंल."

लोक खुलले होते. आणि तिथंच घोटाळा झाला. राजश्रीनं पुढचा प्रश्न विचारला, "बहात्तरला ही विहीर चालू होती का?" आणि आप्पांनी तोंड उघडायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं, "हत्ती, आप्पा. हत्ती सांगा मॅडमला."

बहात्तरच्या दुष्काळाचा हत्ती गावात लहान लेकरालाही पाठ होता. शिरूरला सर्कस आलेली असते, दुष्काळामुळं तिकिटं खपत नाहीत, म्हणून सर्कसवाले हत्ती घेऊन पायी दौंडला निघतात, रेल्वेच्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, चढवायला. वाटेत कुठं पाण्याचा थेंब नाही. हत्ती ह्या विहिरीपाशी येतो, सोंड सोडतो आणि सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत पितो. विहीर बोटभरही खाली जात नाही. उलट हत्तीच इतका जड होतो की त्याला हलवायला कलेक्टरला यावं लागतं, आणि तहानलेला कलेक्टर स्वतः चार तांबे पितो.

आप्पांनी ती गोष्ट सांगितली. पन्नास वर्षांच्या सवयीनं तोंड आपोआप चाललं. हत्तीपर्यंत आले, कलेक्टरपर्यंत आले, आणि मग त्यांचं लक्ष राजश्रीच्या हाताकडे गेलं. तिनं पेन खाली ठेवलं होतं.

"आप्पा," ती म्हणाली, "मी हत्ती लिहू का?"

सगळे पोट धरून हसले. विक्रम तर खुर्चीवरच वाकला. करुणा मान फिरवून लिंबाच्या बुंध्याकडे बघत राहिली. तिचे चार हेलपाटे, तो अर्ज, सगळं त्या हत्तीच्या पायाखाली गेलं होतं.

लोक हसले आणि आयुष्यात पहिल्यांदा आप्पांना ते आवडलं नाही.

हत्ती खोटा होता. पण हत्तीच्या आत जे होतं ते खरं होतं. त्र्याहत्तरचा उन्हाळा. गावचा आड आटला, वरच्या आळीतल्या मळ्यांच्या विहिरी आटल्या, भीमेच्या वाळूत पुरुषभर खोल झिरा केला तरी ओल लागेना. सोजराच्या विहिरीत मात्र दोन परस पाणी. वस्तीतली माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर जायची. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, वरच्या आळीची पहिली बाई आली. झुंबरबाई, पोपटरावांची आई. डोक्यावर पाटी, पाटीत गोवऱ्या, गोवऱ्यांखाली घागर. आपला दोर, आपली घागर. कुणाशी बोलणं नाही, वर बघणं नाही. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दोर तुटला आणि घागर तळाला गेली.

बन्सी तेव्हा सुट्टीवर घरी होता आणि उंबऱ्याच्या सावलीत बसून होता. त्यानं बघितलं. आई बाहेर गेली. तिनं आपल्या पोहऱ्यानं पाणी काढलं आणि तशीच उभी राहिली, कारण ओतायचं कशात आणि ओतायचं का, हे तिला कोण सांगणार? झुंबरबाई खाली बसली. लुगड्याचा पदर आवरला. दोन्ही हात जुळवून ओंजळ पुढं केली आणि म्हणाली, "सोजरा, घरात पाच दिवसांची बाळंतीण हाय. वाढ." पलीकडं ओढ्यात करंजाखाली बैलगाडी उभी होती. गाडीत भरली घागर झाकायला कडबा, आणि कडब्याला टेकून उभा पोपट. दोघांची नजरानजर झाली.

दुसऱ्या दिवसापासून वरची आळी सगळीच यायला लागली. आखाडात पाऊस आला, तसं येणं थांबलं आणि गावानं ते एकमतानं विसरून टाकलं. तसं एकमत पुढं कुठल्या ग्रामसभेत झालं नाही. वस्तीतल्या पोरानं तोंड उघडून हे सांगायची सोय नव्हती. म्हणून बन्सीनं त्यात हत्ती घातला. हत्ती प्यायला म्हटलं की कुणाचं नाक कापलं जात नव्हतं, आणि विहिरीचं नाव होत होतं. आता हत्ती एवढा मोठा झाला होता की त्याच्यामागं उभी असलेली माणसं दिसत नव्हती.

"पोपटराव," राजश्री म्हणाली, "तुम्ही सांगा. चालू होती का विहीर?"

पोपटरावांची काठी थांबली. त्यांनी विहिरीकडे बघितलं, मग आपल्या वहाणांकडे. विक्रमचा हात खुर्चीवर होता.

"लई दिवस झालं," पोपटराव म्हणाले. "मला काय आठवत न्हाई."

विहिरीच्या कठड्यावर एक नवी मातीची केळी ठेवलेली होती. कोरी, तांबडी, तोंडाला सुताचा धागा. आखितीला पूर्वजांच्या नावानं पाण्याची केळी भरून देतात, ती. झुंबरबाई जिवंत असेपर्यंत दर आखितीला अशी एक केळी ह्या कठड्यावर आणून ठेवायची आणि न बोलता निघून जायची. ती गेली त्याला तीस वर्षं झाली. केळी अजून दर साली येत होती. ठेवणारा पहाटे येऊन ठेवून जायचा. पण म्हाताऱ्या माणसाला झोप कमी असते, आणि आप्पांच्या खिडकीतून कठडा दिसत होता.

आठवत नाही म्हणे. आप्पांना राग आला नाही, उलट थोडं हसूच आलं. खोटं कसं बोलावं हे ह्या माणसाला कधी जमलंच नाही.

"मग मी असं लिहिते," राजश्री म्हणाली, "की बाहेरचा साक्षीदार मिळाला नाही." तिचा आवाज कोरडा नव्हता, पण कागद कागदच होता. बिहारचा पोरगा उठून उभा राहिला. "चाचा, मिट्टी मँगा लूँ?" त्यानं विक्रमला विचारलं.

"थांब रं," आप्पा म्हणाले. "मॅडम, खोडा. हत्ती खोडा. आता खरं सांगतो."

गर्दी पुढं सरकली. हे वाक्य आप्पांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं.

"बहात्तरला ही विहीर ठणठणीत कोरडी हुती."

"आप्पा," करुणा एवढंच म्हणाली.

"गप, पोरी. कोरडी हुती, मॅडम. तळाला सरडं फिरत हुतं. गाव जगवलं त्ये पोपटरावांच्या विहिरीनं. मळ्यातल्या. तिला दोन परस पाणी."

पोपटरावांनी मान वर केली. मळ्यातली विहीर कधी आटली ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? विक्रमचा चेहरा मात्र उजळला. "आमची आजी होतीच तशी दिलदार," तो म्हणाला. "लिहा मॅडम."

"ल्ह्या की," आप्पा म्हणाले. "आमी वस्तीतली माणसं चोरून जायचो. भर दुपारी. डोक्यावर पाटी, पाटीत गवऱ्या, गवऱ्यांखाली घागर, कुणाला दिसू नये म्हनून. वढ्यात करंजाखाली बैलगाडी लावायची, गाडीत कडबा. मी गाडीपाशी हुबा."

ते एकेक शब्द सावकाश टाकत होते, पोपटरावांकडे बघत. गोष्टीतलं सगळं खरं होतं. फक्त माणसांच्या जागा त्यांनी बदलल्या होत्या. पोपटराव खुर्चीत पुढं सरकले.

"एक दिवस आमचा दोर तुटला. झुंबरबाई भाईर आल्या. पोहऱ्यात पाणी घेऊन हुब्या राह्यल्या." इथं आप्पांनी विहिरीकडे बघितलं. आजवर त्यांनी इंजिनावर खोटं रचलं, हत्तीवर रचलं, ढगांवर रचलं. आईवर कधी रचलं नव्हतं. सात परस खाली गुडघाभर पाण्यात हसणारी सोजरा त्यांच्या डोळ्यांपुढं आली. माफ कर, ते मनात म्हणाले, तुझ्याच विहिरीसाठी बोलतोय.

"आमची आई, सोजरा, त्यांच्या दारात खाली बसली. वंजळ पुढं केली. भिकारणीवानी. म्हनली, बाईसायेब, घरात पाच दिसाची बाळंतीण हाय—"

"बन्स्या."

पोपटराव उभे होते. काठी खाली पडली होती. विक्रम ती उचलायला वाकला तर त्यांनी त्याचा हात झटकला.

"सोजराकाकूनं कुणाच्या दारात वंजळ धरली न्हाई," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण लिंबाखालच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "माझ्या आईनं धरली. हितं. ह्या दगडापशी. वढ्यात गाडी घेऊन मी हुबा हुतो, ह्यो न्हवता. आन् ती बाळंतीण ह्याची आई." त्यांनी विक्रमकडे बोट केलं. "पाच दिसाचा हुतास तू. ह्या पाण्यावर तुझी आई उठली, ह्याच पाण्यानं तुला न्हाऊ घातलं. सारी वरची आळी आली हितं, पाऊस पडंस्तवर. आन् आज तू हीत माती टाकतोस व्हय?" पोपटराव राजश्रीकडे वळले. "ल्ह्या मॅडम. दोन परस पाणी हुतं. कुठं सही करायची ती दावा."

राजश्रीनं पेन उचललं. करुणानं तोंडाला पदर लावला. बिहारच्या पोराला काहीच कळलं नाही, पण तो परत खाली बसला.

पोपटराव चालत बन्सीआप्पांपुढं येऊन उभे राहिले. दोघं म्हातारे, एका वयाचे, मधे वीतभर अंतर, जसं झिऱ्यावर असायचं.

"लेका, हत्तीपतुर ठीक हुतं," ते म्हणाले. "ह्ये मातुर साफ खोटं हाय."